ओल्या हवेतलं विज्ञान किट : जुलैच्या नोंदी

शनिवार, ५ जुलै

पहाटेपासून संततधार. थोरलीचा क्लास रद्द झाला, छोटूला अंगणात सोडायची सोय नाही, आणि माझी आज सुट्टी. मामाने ताईला वाढदिवसाला दिलेलं विज्ञान किट महिनाभर माळ्यावर पडून होतं. ते खाली काढलं. (थोरलीला घरात सगळे ताईच म्हणतात. ती सातवीत, छोटू पहिलीत.)

खोक्यात एक काचेची बाटली, तिला बूच, तांब्याची तार, वर्खाच्या पट्ट्या, प्लास्टिकची पट्टी, लोकरीचं फडकं, तापमापी, भिंग, फुगे, स्ट्रॉ आणि तुरटीच्या भुकटीचं ५० ग्रॅमचं पाकीट. माहितीपत्रक इंग्रजीत, चित्रं मात्र चांगली.

ताईने विद्युतदर्शी निवडला, म्हणजे वस्तूवर विजेचा प्रभार आहे का ते दाखवणारं साधन. शाळेच्या पुस्तकात सुवर्णपत्र विद्युतदर्शी असतो, त्याचाच हा घरगुती भाऊ. बुचातून तार आत सोडायची, तिच्या खालच्या टोकाला वर्खाच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी लटकवायच्या. प्लास्टिकची पट्टी लोकरीवर घासून तारेच्या वरच्या टोकाला लावली की प्रभार तारेतून खाली उतरतो, दोन्ही वर्खांवर सारखाच प्रभार येतो आणि ते एकमेकांपासून लांब जातात.

वर्ख हललेसुद्धा नाहीत. घासून घासून ताईचा हात दुखायला लागला. पट्टी कागदाच्या कपट्यांजवळ धरली तर एकही कपटा उचलला गेला नाही. छोटूने फुगा डोक्यावर घासून भिंतीला लावला, तो सरळ खाली पडला. ताई रडवेली झाली, म्हणाली, "बाबा, किट खराब आहे."

मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण मी कंपनीच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायच्या विभागात, काम करतो. बिघाड दिसला की भाग बदलण्याआधी लिहून काढायचं, ही तिथली शिस्त. म्हणून ही वही.

संध्याकाळी तुरटीचा प्रयोग लावला. दीडशे मिली गरम पाण्यात पाकीट रिकामं केलं, ढवळलं, सगळी विरघळली. ग्लासवर कागद झाकून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला.

रविवार, ६ जुलै. आषाढी एकादशी

उत्तर आईकडून आलं. (माझी आई, मुलांची आजी.) खिचडीसोबत तळायला तिने उन्हाळ्यातल्या बटाट्याच्या पापड्यांचा डबा उघडला. पापड्या हाताला मऊ लागल्या. मिठाच्या बरणीत चमचा घातला तर मीठ ओलं, बरणीच्या कडेला पाणी. आई सहज म्हणाली, "हवाच ओली आहे रे. मिठाला पाणी सुटलंय, तिथे तुमच्या पट्टीचं काय."

हेच कारण. ओली हवा स्वतः फारशी वीजवाहक नसते. अडचण होते ती वस्तूंच्या पृष्ठभागावर. काच, बूच, प्लास्टिक यांच्यावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर बसतो, त्यात हातावरचे आणि धुळीतले क्षार मिसळतात, आणि घासून कमावलेला प्रभार त्या वाटेने निघून जातो. विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० साली अंबर घासून हेच प्रयोग केले, तेव्हा दमट हवेत ओढ कमी होते हे त्यांच्याही लक्षात आलं होतं. ताईला हे सांगितल्यावर तिचा चेहरा खुलला. सव्वाचारशे वर्षांपूर्वी त्यांचंही अडलं होतं, हे तिला फार आवडलं.

मग केस वाळवायचा ड्रायर काढला आणि पाळीपाळीने करून पाहिलं:

फक्त पट्टी आणि लोकर गरम केली: वर्ख उघडले, पट्टी काढताच मिटले.
फक्त बाटली आणि बूच गरम केलं: वर्ख उघडलेच नाहीत.
दोन्ही गरम केलं: वर्ख चांगले बोटभर फाकले आणि ५० सेकंद तसेच राहिले.

म्हणजे दोष दोन ठिकाणी होता. पट्टी ओली असली तर प्रभार साठतच नाही, बूच ओलं असलं तर साठलेला टिकत नाही. पहिल्यांदा वर्ख उघडले तेव्हा ताई एवढ्याने ओरडली की आई देवघरातून उठून बघायला आली.

माहितीपत्रकात हवेबद्दल एक ओळ नाही. लहान मुलांच्या किटमध्ये ही ओळ पहिल्या पानावर हवी. जूनमध्ये शाळा सुरू होतात, वाढदिवसाच्या भेटी तेव्हाही दिल्या जातात, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा अशीच असते. मूल दोनदा प्रयत्न करतं, तिसऱ्यांदा खोका बंद करतं. आमच्याकडेही काल तेच होणार होतं.

रात्री: तुरटीच्या ग्लासच्या तळाशी बारीक खड्यांचा थर बसला आहे. गरम पाण्यात तुरटी भरपूर विरघळते, गार झाल्यावर १०० मिलीत जेमतेम बारा-चौदा ग्रॅम राहते, बाकीची खाली बसते. भिंगाखाली ताईने त्यातला चांगल्या कडांचा एक खडा निवडला, ४ मिलिमीटरचा. तो बीज, दोऱ्याला बांधून द्रावणात टांगायचा आणि त्यावरच मोठा खडा वाढवायचा.

मंगळवार, ८ जुलै

दोरा रिकामा. बीज नाहीसं झालं.

चूक माझी. काल तळाचा थर वाया जाऊ नये म्हणून द्रावण पुन्हा तापवलं आणि कोमट असतानाच बीज सोडलं. कोमट पाण्यात अजून तुरटी मावत होती, त्याने बीजच खाल्लं. आता द्रावण पूर्ण गार होऊन तळाशी खडे बसेपर्यंत थांबायचं, वरचं निवळ दुसऱ्या ग्लासात ओतायचं आणि मगच बीज टांगायचं. ताईने दुसरा खडा नायलॉनच्या धाग्याला बांधला. गाठ मारायला तिला अर्धा तास लागला, पण मी हात लावला नाही.

बुधवार, ९ जुलै

रात्री द्रावण गार. बीज टांगलं, पाण्याच्या पातळीवर मार्करने रेघ मारली. सेकंड शिफ्ट करून आलो, एवढंच.

शनिवार, १२ जुलै

बुचाचा बंदोबस्त. बूच लाकडाच्या जातीचं, ओल धरतं. ड्रायरने वाळवलं तरी दहा मिनिटांत पुन्हा ओलसर. त्याऐवजी मेण वापरायचं ठरवलं. मेणावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन राहतं, त्यामुळे प्रभाराला वाट मिळत नाही.

देव्हाऱ्याशेजारच्या दोन मेणबत्त्या वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्यात ठेवली (थेट गॅसवर मेण ठेवू नये, पेट घेतं). बुचाला मधोमध रुंद भोक पाडलं, तार मध्यभागी धरली आणि भोवती मेण ओतलं. ओतायचं काम मी केलं, तार सरळ धरायचं काम ताईने. आता तार बुचाला कुठेच टेकत नाही.

पट्टी आणि लोकर गरम करून, बाटली तशीच ठेवून पाहिलं: वर्ख ३५ सेकंद उघडे. बाटलीही गरम केली: ४ मिनिटं २० सेकंद. पूर्वीच्या ५० सेकंदांच्या शेजारी हा आकडा लिहिताना ताईने खाली दोन रेघा ओढल्या. कंपनीत फिक्स्चर (काम पक्कं धरून ठेवणारा साचा) सुधारल्यावर मला जे वाटतं, तेच तिच्या तोंडावर दिसत होतं.

रविवार, १३ जुलै

"हवा किती ओली आहे ते कसं कळणार?" हा ताईचा प्रश्न. तीन दिवस चालू आहे.

पहिला उपाय तापमापी. ती एकच आहे, म्हणून आधी कोरडी वाचली, मग आईच्या जुन्या मलमलीच्या लुगड्याची चिंधी ओली करून तापमापीच्या टोकाच्या फुग्याला गुंडाळली आणि टेबलफॅनसमोर धरली. कोरडी २५, ओली २४. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, त्यामुळे ओला फुगा गार पडतो. हवा जेवढी कोरडी, तेवढा फरक मोठा. एका अंशाचाच फरक म्हणजे कोष्टकाप्रमाणे सापेक्ष आर्द्रता (हवेत मावू शकेल त्याच्या किती टक्के बाष्प आहे ते) ९२ टक्क्यांच्या आसपास. पण या तापमापीवर एकेक अंशाच्याच रेघा आहेत. वाचताना अर्ध्या अंशाची चूक झाली तरी उत्तर चार टक्क्यांनी सरकतं. अशा मापावर माझा विश्वास बसत नाही.

दुसरा उपाय केसाचा. माणसाचा केस दमट हवेत लांब होतो, कोरड्या हवेत आखडतो. पूर्ण कोरड्यापासून पूर्ण दमटापर्यंत साधारण अडीच टक्के. जिनिव्हाचे सोस्यूर यांनी १७८३ मध्ये यावर आर्द्रतामापक आणला आणि पुढे हवामान केंद्रांतही केसाची यंत्रं बरीच वर्षं चालली.

घरात सगळ्यात लांब केस आजीचे. तिने फणीतलं गुंतवळ दिलं आणि त्यातून ताईने ३८ सेंटीमीटरचा एक सरळ पांढरा केस सोडवला. अडचण खोबरेल तेलाची. तेलकट केसाला ओल लवकर लागत नाही. भांड्यांच्या साबणाने धुतला, मग हात निर्जंतुक करायच्या स्पिरिटने दोनदा पुसला. आजी बघत होती. "साठ वर्षं तेल लावलं त्या केसांना, आणि तुम्ही काढताय," म्हणाली, पण दुसरा केसही स्वतःच शोधून दिला, पहिला तुटला तर असावा म्हणून.

जोडणी अशी. जुन्या पाटाच्या फळीवर वरच्या बाजूला खिळा, त्याला केसाचं एक टोक. खाली टाचणीवर स्ट्रॉ आडवी फिरेल अशी. टाचणीपासून दीड सेंटीमीटरवर केसाचं दुसरं टोक बांधलं, तिथेच एक लहान नट लटकवला म्हणजे केस ताठ राहतो. स्ट्रॉचं टोक टाचणीपासून १५ सेंटीमीटरवर. केस एक मिलिमीटर लांबला तर टोक दहा मिलिमीटर खाली जातं. दमट तेवढा काटा खाली. छोटू केसाजवळ तोंड नेऊन हा करतो, काटा सरकतो. दिवसभर त्याला दुसरं काही सुचलं नाही.

बुधवार, १६ जुलै

काटा हलतो, पण आकडे नाहीत. खुणा पक्क्या करण्यासाठी दोन ठिकाणं हवीत.

एक सोपं. फळी मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात उभी केली, आत ओला टॉवेल, झाकण बंद, रात्रभर. सकाळी पेन्सिलने खूण: ओलं टोक, १०० च्या जवळ.

दुसरी खूण स्वयंपाकघरातूनच मिळाली. बंद डब्यात मीठ आणि थोडंच पाणी, खिरीसारखं ओलं पण वर न विरघळलेलं मीठ दिसत राहील असं ठेवलं, की आतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. आर्द्रतामापक तपासायला प्रयोगशाळांमध्येही हीच पद्धत वापरतात. याची दुसरी बाजू म्हणजे आमची बरणी: हवा ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढायला लागतं, त्याच्या खाली असेल तर सुटं राहतं. खड्याच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड मिसळलेलं असतं, ते याहून बऱ्याच कमी आर्द्रतेला ओलं होतं, म्हणून खड्याचं मीठ आधी पाझरतं.

हे आईला सांगितलं. तिने काही न बोलता मिठाच्या बरणीत तांदळाचे चार दाणे टाकले, जसे दर पावसाळ्यात टाकते. मग ताईला म्हणाली, "वाळवण चैत्र-वैशाखातच का घालतात, ते पण लिही तुझ्या वहीत." ताईने लिहिलं.

शनिवार, १९ जुलै

मिठाच्या डब्यात काटा तीन दिवसांनी स्थिर झाला. दोन खुणांमध्ये अंतर ११ मिलिमीटर. केसाचं लांबणं सगळीकडे सारखं नसतं: कोरड्या बाजूला भराभर, दमट बाजूला संथ. म्हणून मधे समान भाग पाडून टक्के लिहायचे नाहीत, असं ठरलं. आम्ही फक्त "मिठाच्या खुणेखाली इतके मिलिमीटर" असं लिहितो. आज ६ मिमी खाली.

रविवार, २० जुलै

दुपारी पाऊस थांबला म्हणून मुलांना घेऊन गोदाकाठी गेलो. पाणी तांबूस-काळं, वेग भरपूर. आम्ही लांबच उभे राहिलो. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्यांपर्यंत पाणी. नाशिककर पूर त्याच्यावरून सांगतात: पायाला लागलं, कमरेपर्यंत आलं, छातीपर्यंत आलं. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते बातम्यांत येतं, पण घरात चर्चा मारुतीचीच. ताई बराच वेळ बघत होती. "बाबा, मारुती हलत नाही म्हणून त्याच्यावरून मोजता येतं ना? आपल्या मिठाच्या खुणेसारखं." मोजमापाची गोष्ट इतकी नेमकी मला कुणी शिकवली नव्हती. मी शिकाऊ असताना पक्क्या खुणेचं महत्त्व कळायला वर्ष लागलं.

घरी येऊन गढूळ पाण्याचा प्रयोग. अंगणातल्या डबक्याचं पाणी, काळ्या मातीने चहासारखं. दोन बाटल्या भरल्या. एकीत आजीने तुरटीचा खडा सात-आठ वेळा फिरवला, दुसरी तशीच. मातीचे बारीक कण ऋण प्रभारित असतात, एकमेकांना लांब ठेवतात, म्हणून तरंगत राहतात. तुरटीतल्या ॲल्युमिनियममुळे तो प्रभार मोडतो, चिकट पुंजके तयार होतात आणि ते कणांना घेऊन खाली बसतात. अर्ध्या तासात आजीच्या बाटलीतून पलीकडची खिडकी दिसायला लागली. दुसरी रात्रीपर्यंत गढूळच. (निवळलं म्हणजे पिण्याजोगं झालं असं नाही, उकळावं लागतंच. हे छोटूला तीनदा सांगितलं.)

वर्ख लांब का जातात आणि माती का तरंगते, दोन्हीमागे एकच गोष्ट, सारख्या प्रभारांचं एकमेकांना ढकलणं. हे किटमध्ये दोन वेगळ्या पानांवर आहे, जोडून कुठेच नाही.

गुरुवार, २४ जुलै. दिव्यांची अवस

आईने दिवे, समया घासायला काढल्या. चिंचेच्या कोळाने पितळ उजळतं, कारण आम्ल वरचा काळा थर विरघळवतं. ताईने अर्धी समई चिंचेने, अर्धी नुसत्या पाण्याने घासून पाहिली. आजीने मग तिच्याकडूनच पूर्ण घासून घेतली. काटा ७ मिमी खाली.

रविवार, २७ जुलै

उघडीप. सकाळी नऊपासून चक्क ऊन. तापमापी कोरडी २९, ओली २५, कोष्टकाप्रमाणे सत्तरीच्या थोडं वर. केसाचा काटा आज पहिल्यांदा मिठाच्या खुणेच्या वर गेला, २ मिमी. दोन वेगळ्या मापांनी एकच सांगितलं. ताईने ते दोनदा वाचून घेतलं, मग आजीला बोलावून दाखवलं. आजीने बरणी उघडून चिमटीत मीठ घेतलं. वरचं कोरडं होतं.

ड्रायर न लावता विद्युतदर्शी: पट्टी लोकरीवर वीस वेळा घासली. वर्ख उघडले. १ मिनिट ४० सेकंद. ५ तारखेला याच पट्टीने कागदाचा कपटाही उचलला नव्हता.

आता तुरटी. ९ तारखेच्या रेघेपासून पाणी १८ दिवसांत ३ मिमी उतरलं. एवढ्या संथ गतीवर ताई मधे वैतागली होती, म्हणून तिने गेल्या आठवड्यात किराणा दुकानातल्या तुरटीचं दुसरं द्रावण करून गरम गरम कॅसरोलमध्ये ठेवलं होतं. त्यात दोन दिवसांत मोठा गोळा तयार झाला, पण खडे एकमेकांत घुसलेले आणि आतून दुधी. आज पहिल्या ग्लासातला धागा वर काढला. एकच खडा, आठ पृष्ठांचा, व्हर्नियरने कड ९ मिमी, आणि आतून इतका स्वच्छ की पलीकडचा धागा दिसतो. पाणी सावकाश उडालं आणि पावसाळ्यात दिवसरात्रीच्या तापमानात फार फरक पडला नाही, म्हणून खडा मधे विरघळलाही नाही. ज्या हवेने वर्ख अडवले, त्याच हवेने हा खडा घडवला.

ताईने विचारलं की हा कोरडा आहे का. हाताला कोरडा, पण तुरटीच्या दर रेणूमागे पाण्याचे १२ रेणू बांधलेले असतात. वजनाने जवळजवळ ४६ टक्के पाणीच. तिने तो उजेडाकडे धरला आणि छोटूला दिला, दोन्ही हातांची ओंजळ करायला सांगून.

खडा उघडा ठेवला तर कोरड्या दिवसांत वरून पांढरा पडेल, म्हणून नखांना लावायच्या बिनरंगी पॉलिशचा एक हात द्यायचा आहे. ताईने इंग्रजी माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर, वरच्या मोकळ्या जागेत निळ्या पेनने मराठीत लिहिलं: "आधी मिठाची बरणी बघा. मीठ ओलं असेल तर पट्टी, लोकर आणि बाटली गरम करून घ्या. बुचाला मेण भरा."

केसाची फळी स्वयंपाकघरात बरणीच्या वरच्या फडताळावर कायमची लावली. चैत्रात वाळवण घालायच्या दिवशी आजीला काटा कुठे असतो ते बघायचं आहे.

संध्याकाळी साडेसहा: काटा मिठाच्या खुणेवर. सातपूरच्या बाजूने पुन्हा ढग.